प्रकाशकाचं नाव

राष्ट्रीय ग्रंथ प्रकाशन मंडळी, जालना, हिचा इतिहास छापून आला आहे. कागद गुळगुळीत, वर फोटो, आत थोरामोठ्यांचे संदेश. आमच्या जुन्या छापखान्याच्या दगडाला त्यात अख्खं पान मिळालंय आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंना दीड ओळ: 'आरंभीच्या काळात घरातील स्त्रियांनीही हातभार लावला.' हातभार! ते वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि सुनेला म्हटलं, चहा टाक, आज माझं डोकं फिरलंय. मग कागद ओढला. ज्यांना इतिहास हवा त्यांनी तो गुळगुळीत वाचावा. मला अक्काचं सांगायचं आहे.

अक्का म्हणजे सुहासिनी, माझी थोरली जाऊ. तिचे यजमान मार्तंडराव. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. मंडळी त्यांनीच काढली. त्यांचा धाकटा भाऊ मुकुंद, तो माझा नवरा. घ्या, लिहिलं नाव! या वयात आता मला कोण काय करणार? पण त्या काळी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्या हाडात भिनलेलं होतं. लग्नात उखाण्यात घ्यायचं, मंगळागौरीला घ्यायचं, बाकी जन्मभर 'अहो' नाहीतर 'हे'. दुसऱ्या कुणी विचारलंच तर शेजारच्या पोराला पुढं करायचं, सांग रे बाबा यांचं नाव. आज हसू येतं. तेव्हा हसायची टाप नव्हती.

तर, राज्य निजामाचं. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, आणि मराठी पुस्तक हवं तर ते पुण्याहून नाहीतर वऱ्हाडातून येणार, तेही वाटेत कुठंतरी अडकणार. दादांच्या मनानं घेतलं की आपली पुस्तकं आपणच काढायची. शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या छापखान्याची परवानगी मागितली, ती काही आली नाही. शिळाछापाची मात्र मिळाली, कारण जिनिंगवाल्यांच्या पावत्या छापणार असं अर्जात लिहिलं होतं. अर्जातला 'राष्ट्रीय' शब्द बघून कारकून म्हणाला, "कौनसा राष्ट्र?" दादांनी तिथल्या तिथं तो खोडून नुसतं 'रा.' केलं आणि म्हणाले, "राजूर, साहेब. आमच्या गणपतीचं गाव." कारकून म्हणाला, बराबर. असा आमच्या राष्ट्रीय मंडळीचा जन्म गणपतीच्या आडोशानं झाला.

शिळाछाप म्हणजे काय, ते हल्लीच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. मसाला लावलेल्या पिवळ्या कागदावर चिकट शाईनं अख्खं पुस्तक हातानं लिहायचं. तो कागद दगडावर दाबला की अक्षर दगडावर उतरतं, आणि मग दगडावरून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. म्हणजे वाचणाऱ्याच्या हातात जातं ते लिहिणाऱ्याचंच अक्षर. उर्दू लिहिणारे कातिब जालन्यात पैशाला पासरी होते. मराठी लिहिणारं कुणी नव्हतं. दादांचं अक्षर असं की लिहिल्यावर त्यांचं त्यांना लागत नसे. घरात अक्का होती.

अक्काचं अक्षर गोल, ठसठशीत, बाळसं धरलेल्या पोरासारखं. मस्तगड भागातल्या आमच्या घरात मागच्या खोलीत दगड होता, आणि खिडकीशी अक्काची बैठक. गणिताचं पुस्तक असो, विहिरींची निगा असो, देशोदेशीच्या माणसांची माहिती असो, सगळं तिच्या बोरूतून उतरायचं. मी पानं घडी घालायची, टाके घालायची. दगडावर भुजंग नावाचा गडी असायचा. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण छपाई फिकी झाली की त्याला वासावरून कळायचं.

पहिलं पुस्तक पूर्ण झालं तेव्हाची गोष्ट. अक्कानं शेवटी मुखपृष्ठ लिहायला घेतलं. पुस्तकाचं नाव लिहिलं, मंडळीचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं, 'प्रकाशक' असं लिहिलं आणि बोरू खाली ठेवला.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"पुढचं मी लिहिणार न्हाई."

"अगं, लिहायचंय फक्त. बोलायचं थोडंच आहे!"

"बोलले तर तुम्ही एकटे ऐकाल. लिहिलं तर हजार जण वाचतील. मंग कोणतं जास्ती?"

दादा एवढे वाद घालणारे, वकिलांना गप्प करणारे. तिथं मात्र हरले. नाव तर हवंच. सरकारचा कायदाच होता की परवान्यावर जे नाव, तेच पुस्तकावर पाहिजे, नाहीतर पुस्तक जप्त आणि दगडाला कुलूप. माझ्याकडे बघितलं, तर मी पदर तोंडाला लावून हसत होते. मीही थोरल्या दिरांचं नाव कसं लिहिणार? शेवटी मुकुंदनं लिहिलं. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगण उकरावं तसं. पण तेव्हापासून तेच ठरलं. सगळं पुस्तक अक्काच्या हाताचं आणि प्रकाशकाचं नाव तेवढं मुकुंदच्या. गावोगावच्या वाचणाऱ्यांना वाटायचं, ही प्रकाशकांची सही असणार, मोठ्या माणसाची सही अशीच असते.

अशी वर्षं गेली. पुस्तकं जाफराबाद, टेंभुर्णी, पार सरहद्दीपलीकडं चिखलीपर्यंत जायची. टेंभुर्णीच्या पोरांनी तर अक्षरं गिरवली तीच अक्काची, त्यामुळं त्या बाजूच्या कुणाचीही चिठ्ठी आली की मला वाटे, अक्कानंच लिहिली. अक्काला मूलबाळ नव्हतं. एकदा म्हणाली, "कोणाला तरी वळण दिलं मी." मी तिला दुसऱ्या कामाला लावलं, कारण असल्या बोलण्यावर काय म्हणायचं ते मला कधी समजलं नाही.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात सगळा देश स्वतंत्र झाला आणि आम्ही तेवढे राहिलो. दादा सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले, निजामाशी लढणाऱ्यांच्या चिखलीकडच्या छावणीवर. कागदोपत्री ते खामगावला कापसाच्या धंद्यासाठी गेले होते, पण खरं काय ते चावडीवरच्या पोलिसांच्या अमिनालाही ठाऊक होतं. तो मुकुंदला हसून म्हणायचा, "भाईसाब को एक बार घर आने दो." ते ऐकून अक्का आत जायची.

पत्र लिहायची सोय नव्हती. येणारंजाणारं प्रत्येक पाकीट फोडलं जायचं. जायची ती पुस्तकं. टेंभुर्णीचा कडूबा गाडीवान सरकीच्या पोत्यांबरोबर आमचे गठ्ठे न्यायचा आणि पहिली प्रत दादांच्या हातात द्यायचा. परत आला की अक्का त्याला भाकरी वाढून समोर बसायची.

"काय म्हणले?"

"पावलं म्हणले."

"अन?"

"अन च्या पेले."

"तब्येत?"

"हाये की. वाळलेत जरा."

या कडूबाकडून चार शब्द काढणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. मला राग यायचा. अक्का मात्र तेवढंच दिवसभर पुरवायची. वाळलेत, म्हणजे जेवणाचे हाल असतील. च्या पेले, म्हणजे घाईत नव्हते.

त्या दिवसांत ती कपाशीवरच्या किडीचं पुस्तक लिहीत होती. मी एकदा बघितलं तर बोरू हातात, डोळ्यांतून पाणी, आणि कागदावर बोंडअळी. मी म्हटलं, अक्का, अळीनं एवढं काय केलं? ती हसलीच नाही. म्हणाली, "विमल, त्यांच्या हातात जाणारा माझा एवढाच कागद आहे गं. त्यात बोंडअळी आहे त्याला मी काय करू?" मला तिची इतकी कीव आली, आणि स्वतःची लाजही वाटली. माझा नवरा पलीकडच्या खोलीत घोरत होता आणि मी रोज त्याच्या घोरण्याच्या नावानं बोटं मोडत होते.

ते घोरणंही पुढच्या उन्हाळ्यात बंद झालं. मुकुंदला धरून औरंगाबादेला नेलं. घरात आम्ही दोघी आणि दगडापाशी भुजंग. पाऊसकाळ लागला तशी खेड्यांतून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, खबर येऊ लागली. पाणी उकळा, शिळं खाऊ नका, विहिरीत हे टाका, असं सांगणारी छोटी पुस्तिका दादांनी आधीच एका डॉक्टरांकडून लिहून घेऊन ठेवली होती. अक्का म्हणाली, हे आत्ता न्हाई काढलं तर कधी? आणि भराभर लिहून काढली. उरलं मुखपृष्ठ.

सगळं लिहून झालं आणि पुन्हा तीच जागा आली. प्रकाशक. पुढं कोरं.

मी म्हटलं, "थांबा, रामकिसन मास्तरांना हाक मारते. एक ओळ तर लिहायची, जल्दी होईल."

मास्तर दोन घरं सोडून राहायचे. मी उठलेसुद्धा. अक्का म्हणाली, "नको."

"मंग कोण लिहिणार?"

तिनं बोरू उचलला. मी तिथंच उभी राहिले. वळणदार, ठसठशीत, सावकाश तिनं दादांचं पूर्ण नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्याच्याकडे बघत बसली. शाई वाळली तरी बघत होती. तिचं तोंड असं दिसत होतं, माहेरचं माणूस दारात आल्यावर बाईचं दिसतं ना, तसं.

"अक्का," मी म्हटलं, "दादा हे बघतील."

"बघू देत."

"काय समजतील ते?"

तिनं कागद भुजंगाच्या हातात दिला.

पुस्तिका गेल्या. पोळ्याला चार-पाच दिवस राहिले असतील, भर दुपारची वेळ. कडूबाची गाडी दारात लागली आणि त्याच्यामागून डोक्याला मुंडासं, खांद्यावर बैलांचा साज घेतलेला एक वाळका शेतकरी आत आला. मी म्हटलं, "साज आम्हाला कशाला? आमच्याकडं बैल न्हाईत." तो माणूस सरळ मागच्या खोलीकडं गेला. त्याच्या चालीवरून मला कळलं आणि मी मागोमाग धावले.

अक्का खिडकीशी बोरू तासत होती. दादा दारातच उभे राहिले आणि आधी तिला वरून खालपर्यंत बघून घेतलं.

"कोणाला झालंय?" त्यांनी विचारलं.

"कोणाला न्हाई. आम्ही सगळे बरे आहोत. भाऊजी औरंगाबादेला आहेत, पण खुशाल आहेत."

"मंग माझं नाव का लिहिलंस?" त्यांचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्यावर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. "पटकीचं पुस्तक, अन वर तुझ्या अक्षरात माझं नाव! जे जन्मात केलं न्हाईस ते केलंस. मला वाटलं, तू चालली आहेस. जाताना तरी एकदा नाव घ्यावं म्हणून…"

मी मधे तोंड घालणारच होते, की दादा, कायदा आहे, हे घरी नव्हते, दगडाला कुलूप लागलं असतं. सगळं खरंच होतं. अक्कानं मला बोलू दिलं नाही.

"तुम्ही यावं म्हणून लिहिलं," ती म्हणाली.

दादा छापखान्याच्या त्या दगडाच्या कडेला टेकले आणि मुंडासं काढलं. केस पार पांढरे झाले होते.

"मंग आलो की," ते म्हणाले. "वाचलं अन उठलो. कोणाला विचारलं पण न्हाई."

आमच्या घरात पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बाई बसत नसे. त्या दिवशी दादांनी तिला समोर बसवलं. भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा, दुसरं काही नव्हतं. मी वाढलं. दोघं काय बोलले म्हणाल तर काहीच नाही. इकडची डाळ बरी शिजते, तिकडं पाणी जड आहे, असलंच काहीतरी. दादा सारखे तिच्या शाईनं काळ्या झालेल्या बोटांकडे बघत होते.

जेवून झाल्यावर म्हणाले, "दोन दिवस राहतो."

"नको," अक्का म्हणाली. "अमीन चावडीवर बसलेला असतो. गल्लीत कोणीतरी बघितलं असंलच."

"तूच बोलावलंस ना?"

"बोलावलं. आलात. बघितलं तुम्हाला. आता जा."

वर्षभर जिनं कडूबाच्या 'च्या पेले'वर दिवस काढले, तिनं स्वतःच्या हातानं त्यांच्या खांद्यावर बैलांचा साज ठेवला. दारापर्यंतसुद्धा आली नाही, कुणाला संशय यायला नको म्हणून. खिडकीतून गाडी दिसत होती तोवर बघत होती. मग मला म्हणाली, "विमल, ते खरंच आले गं." आणि लहान पोरीसारखी हसली. तिचं ते हसणं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

कडूबा परत आला तो गाडी दारात न लावता पायरीवर बसूनच राहिला. मी पाणी दिलं, ते त्यानं बाजूला ठेवलं. अक्का समोर येऊन बसली. त्या दिवशी मात्र त्याच्याकडून शब्द काढावे लागले नाहीत.

"टेंभुर्णीच्या पल्याड घोडेवाले दिसले, अक्का. दादा म्हणले, कडूबा, तू चाल सरळ, मी ज्वारीतून येतो, नाल्यापाशी भेटू. ज्वारी डोक्याएवढी झालेली. माणूस शिरला की दिसंना. मी नाल्यापाशी थांबलो. बैल सोडले, पाणी पाजलं, पुन्हा जुंपले. पुन्हा सोडले. न्हाई आले."

"गोळी वाजली का?"

"न्हाई ऐकली. खोटं कशाला सांगू? आरडाओरडा बी न्हाई. मी ज्वारी धुंडाळली, पलीकडं छावणीवर जाऊन आलो. थितं बी न्हाईत."

अक्कानं त्याला भाकरी वाढली. तो खाईना तर म्हणाली, "खा. तुझं काय चुकलं?"

पुढं महिन्याच्या आतच फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. जालन्यात ढोल, गुलाल, नव्या जालन्याच्या स्टेशनावर तिरंगा. छावण्यांवरची माणसं एकेक करून घरी येऊ लागली. मुकुंद आला. मी त्याच्या पायावर पडले, रडले, आणि लगेच सावरून बसले, कारण अक्का ओवाळायचं तबक घेऊन मागं उभी होती. तिनंच त्याला ओवाळलं. मग मुकुंदनं आणि मंडळीच्या लोकांनी टेंभुर्णीपासून चिखलीपर्यंत गावंच्या गावं पालथी घातली. कोण म्हणे, असा माणूस पाहिला होता. कोण म्हणे, धरून नेताना पाहिला. विचारत गेलं की शेवटी कुणीच काही पाहिलेलं नसे.

गल्लीतल्या बायकांना मात्र सगळं कळलेलं होतं. हळदीकुंकवाला आल्या आणि माझ्यासमोर म्हणतात, नाव लिहिलं ना हातानं, आयुष्य खाल्लं नवऱ्याचं. वर अजून कुंकू लावते! मी त्यांच्या पुढ्यातलं तबक उचललं आणि दार दाखवलं. म्हटलं, पटकीत तुमची पोरं वाचली ती तेच पुस्तक वाचून, निघा इथून. तोंडाळ म्हणून माझं नाव झालं ते तेव्हापासून. झालं तर झालं.

दिवाळीनंतर मंडळीची बैठक आमच्याच घरी भरली. भालचंद्रराव वकील, मुकुंद, आणखी दोघंतिघं. आता परवान्याची कटकट नव्हती. पुण्याहून खिळे मागवायचे, स्वतंत्र मराठवाड्यातलं पहिलं पुस्तक खिळ्यांवर छापायचं, 'राष्ट्रीय' शब्द पूर्ण लिहायचा. सगळ्यांचे चेहरे उजळले होते. दादांनी ज्यासाठी जन्म घालवला तेच चाललं होतं. अक्का दाराशी बसून ऐकत होती.

भालचंद्ररावांनी खाकरून घेतलं. भला माणूस, पण त्यांना ते बोलावंच लागलं. "वैनी, प्रकाशक म्हणून दादांचंच नाव राहील. बिलकुल. फक्त नावाच्या आधी आता… तसं लिहावं लागंल."

"कसं?"

ते जमिनीकडं बघू लागले. मुकुंदही. 'कैलासवासी' हा शब्द उच्चारायची कुणाची छाती होईना.

"ज्यानं डोळ्यांनी बघितलं असंल त्यानं तसं लिहावं," अक्का म्हणाली. "माझ्यासमोर तर ते भाकरी खाऊन गेलेत."

मग तीच पुढं बोलली, आणि मला वाटतं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मंडळीला काही मागितलं.

"हे पुस्तक खिळ्यांवर नको. दगडावर काढा. मी लिहिते. अन नुसतं विकायला ठेवू नका. टेंभुर्णी, जाफराबाद, देऊळगाव, चिखली, मधल्या बारक्या गावांत पण, देवळात, दुकानात, चावडीवर, जिथं माणूस टेकतो तिथं एकेक ठेवा. नाव मी पहिल्याच पानावर मोठं लिहिणार आहे."

"वैनी," मुकुंद हळूच म्हणाला, "एवढ्या प्रती? खर्चा किती येईल… अन कशाला?"

अक्कानं त्याच्याकडं असं बघितलं, जसा काही तो अगदी साधी गोष्ट विसरला होता.

"एकदा वाचलं अन उठून आले होते ना?"

मुकुंदनं डोळ्यांवर हात धरला. भालचंद्रराव उठून अंगणात गेले. मी पिवळा कागद आणून तिच्यापुढं ठेवला. तिनं बोरू शाईत बुडवला आणि पुस्तकाच्याही आधी दादांचं नाव लिहिलं.